झिजलेल्या राजाची चिठ्ठी

गिऱ्हाइकाचं नाव : तबरेज (त्याने सांगितलेलं)

तो हसत दुकानात शिरला आणि मी ड्रॉवरला कुलूप लावलं.

"नाणी ओळखता ना इथे?"

"नाणी ओळखते. माणसं नाही."

"चालेल. मला घाई नाही. आधी नाणं बघा."

मी वर पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं... पण भिंगातून, ते धरायचं नाही. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. डाव्या भुवईत एक जुनी खोक. आणि हातात छत्री. वाशीच्या मार्केटवर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि हा माणूस छत्री घेऊन फिरत होता.

पहिला संशय मी तिथेच नोंदवला. छत्री.

आमच्या दुकानात जुनी नाणी विकली जातात थोडी, ओळखली जातात जास्त. नाणं तपासायचं आणि गुलाबी कागदावर चिठ्ठी लिहून द्यायची — वजन, व्यास, पुढची बाजू, मागची बाजू, झीज. सगळ्यात शेवटी एक रकाना : खात्री. तिथे तीनच शब्द चालतात. नाही, बरीच, पूर्ण. अब्बांच्या 'पूर्ण'वर लोक पुण्याहून डोळे झाकून नाणं घ्यायचे. मग चौऱ्याण्णवच्या दिवाळीत एक हसरा माणूस आला. त्याने चहा मागवला, अब्बांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि बारा नाण्यांवर 'पूर्ण' लिहून घेतलं. बाराही ओतीव, म्हणजे नकली निघाली. संग्राहकांच्या सभेत कोणीतरी ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली... तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, अब्बांची, म्हणजे अब्दुल्ला या नावाची सही कुठल्याच चिठ्ठीवर नाही. सही मी करते. कैनात. आणि 'पूर्ण' मी अजून एकदाही लिहिलेलं नाही.

तबरेजने खिशातून चिंधीची गाठ काढली आणि सोडली. आत सोन्याचा एक चपटा तुकडा होता. नाणं म्हणायचं, तर त्याच्यावर काहीतरी असायला हवं ना?

"कुठून आणलं?"

"घरातून."

"कोणाच्या घरातून?"

तो थांबला. किंचित. नाडी चुकावी इतकाच.

"...घरातून."

दुसरा संशय.

वजन : पाच ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम

आधी हवेत तोललं. मग दोरा बांधून पाण्याच्या ग्लासात लोंबकळत ठेवून तोललं. सोन्याचं सोंग घेणारे धातू पाण्यात उघडे पडतात. हे पडलं नाही.

"आहे सोनं," मी म्हणाले. जरा नाइलाजानेच.

"तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मला काही वाटत नाही. मी तोलते."

"मला पण तोललंत मघाशी. भिंगातून."

आतल्या खुर्चीत अब्बा पेपर वाचत होते. पेपर हलला. मी रागाने दोऱ्याची गाठ सोडायला गेले, ती आणखी बसली. त्याने न विचारता हात पुढे केला आणि एका नखाने ती अलगद उकलली. नखात पिवळी कच होती. बारीक, चमकणारी.

तिसरा संशय. हा मोठ्या अक्षरात.

व्यास : जेमतेम एकोणीस मिलिमीटर

यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

वास :

हा रकाना चिठ्ठीत नसतो. तो मी पेनाने वाढवला.

सोन्याला वास नसतो. याला होता. नाकाजवळ नेलं, तर काहीतरी उग्र, पण त्याखाली गोडसर... ओळखीचं. कुठे बरं?

"नाणी हुंगता तुम्ही?" तबरेजने विचारलं.

"हे कशाने धुतलंय?"

"धुतलं नाही. शपथ."

"शपथ कशाला? मी मागितली नाही."

तो पहिल्यांदा हसायचा थांबला. हसायचा थांबल्यावर तो वेगळाच दिसायचा — थकलेला, आणि जरा खरा. मला ते आवडलं नाही. म्हणजे आवडलं, हेच मला आवडलं नाही.

"ठेवून जा. गुरुवारी या. पावती करते."

"नको पावती."

"सोनं आहे हे."

"तुम्ही माणसं ओळखत नसाल," तो म्हणाला, "मी थोडी ओळखतो."

गेला. छत्री विसरून.

पुढची बाजू : काही नाही

खरंच काही नाही. आकारावरून हे रोमन वाटत होतं, आणि रोमन सोन्याच्या नाण्यावर इथे राजाचं डोकं असतं. मानेची शीर, कानामागची बट, कपाळावरची पानांची माळ. इथे सपाट पत्रा होता. आणि भिंगाखाली त्यावर ओरखडे. शेकडो. एकात एक मिसळलेले.

मागच्या बाजूला मात्र आकार उरला होता. मऊ झिजलेला, साबणासारखा, पण होता.

हे कसं? खिशात, पेटीत, हाताहातांत फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं. एकच बाजू अशी साफ होते ती कोणीतरी ठरवून केली म्हणून. आणि असं नाणं मूळचं जवळजवळ पावणेआठ ग्रॅमचं. हे सहाही भरत नव्हतं. राहिलेलं सोनं कुठे गेलं?

कोणाच्या नखात?

मागची बाजू : बसलेली बाई

गुरुवारी तो आला तेव्हा लाइट गेले होते. आणि खरं सांगायचं तर मला लाइट नकोच होते. झिजलेलं नाणं वाचायचं, तर उजेड वरून नाही, आडवा हवा. शटर अर्धं खाली ओढलं, त्याच्या हातात बॅटरी दिली.

"खाली धरा. अजून खाली... टेबलाला टेकवा. हलवू नका."

"मी नाही हलवत. हात हलतोय."

"कामावर पण असाच हलतो?"

"कामावर तुम्ही नसता ना."

आत पेपर परत हलला. लाइट नसताना अब्बा काय वाचत होते, देव जाणे.

आडव्या उजेडात नाण्यावर सावल्या उठल्या. खुर्चीचा पाय. मग गुडघा. मग पदरासारखी घडी.

"बाई आहे ही," तो हळूच म्हणाला. बसलेल्या बाईला जाग येऊ नये अशा बेताने.

"कडेला अक्षरं असतील. वाफ द्यायला लागेल. तुम्ही द्या. फुंकर नको हं — हाऽ करायचं, आरशावर करतो तसं."

तो वाकला. मी वाकलेलीच होते. त्याने श्वास सोडला, सोन्यावर धुकं धरलं, आणि दोन सेकंद — फक्त दोन — कडेवर दोन खुणा उठून दिसल्या. एक सरळ काठी. तिच्या शेजारी, दोन हात पुढे केलेली दुसरी.

"गेलं," तो म्हणाला.

"परत द्या."

"तुम्ही द्या आता. मला दम लागेल."

मी दिली. काठी, आणि हातवाली काठी. रोमन लिपीतली आय आणि एफ. शेजारी तुटक एम. मी अब्बांचं जुनं पुस्तक उघडलं, तरी पान मला पाठ होतं. हातात फांदी घेऊन बसलेली बाई, भोवती 'पाँटिफ मॅक्सिम' अशी अक्षरं, म्हणजे महापुरोहित, ही सम्राटाची पदवी. टायबेरियस. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा सम्राट. मिरी न्यायला येणाऱ्या गलबतांतून त्याची नाणी आपल्याकडे पुष्कळ आली.

"आणि ही बाई?"

"त्याची आई म्हणतात."

तबरेजने मान वर केली. बॅटरी हातात तशीच पेटलेली, उजेड आता माझ्या बांगड्यांवर.

"मग चिठ्ठीवर एवढं लिहाल?" तो म्हणाला. "झीज जुनी आहे. कानशीने घासलेलं नाही."

मी बॅटरी त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली.

"कानशीचं नाव मी काढलं नव्हतं."

झीज :

तेव्हा त्याने सांगितलं. चेहऱ्यावर उजेड, डोळे मिचकावत, एकेक वाक्य.

नाणं त्याचं नव्हतं. नावड्याच्या दुर्गाबाई सुईणीचं. गावातली सगळी बाळं, कोणाच्याही घरची, तिच्या हातावर जन्मली. हा पण. तिला मूलबाळ नव्हतं. शेवटची दोन वर्षं जेवणाचं ताट तबरेजच्या घरातून जायचं, दवाखान्यात यानेच उचलून नेलं. मेमध्ये ती गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने चिंधी याच्या मुठीत ठेवली. 'राजा हाय तो. कोन हाय, इचारून ये.'

"मग?"

"मग तिचा भाचा गंगाराम. गावातच राहतो, आत्याकडे कधी फिरकला नाही. पण लहानपणी त्याने नाणं बघितलेलं. तेव्हा राजाला तोंड होतं. आता नाही. आणि मी तळोज्याला टर्नर. दिवसभर लेथ, पॉलिश, कानस. तो गावभर सांगतो, म्हातारी आजारी असताना मी सोनं घासून खाल्लं. रविवारी बैठक आहे. कंपनीतपण सांगणार म्हणतो. चोर म्हटल्यावर कोण ठेवेल मला?"

"हे मंगळवारी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही नाण्याकडे बघितलं असतं की माझ्या हाताकडे?"

"हात पुढे करा."

दोन्ही केले. मी टाचणीने त्याच्या नखांतली पिवळी कच पांढऱ्या बशीत काढली. दहाही नखं. करंगळीच्या वेळी तो फक्त म्हणाला, "गुदगुल्या होतात." बशीत तेजाबाचा एक थेंब टाकला. सोनं असतं तर तसंच बसून राहिलं असतं. ते फसफसलं आणि हिरवं झालं.

"पितळ," मी म्हणाले.

"पास झालो?"

"पितळ पास झालं. मेच्या महिन्यात नखात काय होतं, ते या थेंबाला कळत नाही."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर सोपं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खोटं लिहू नका. तुम्ही लिहिलेलं खोटं निघालं, तर तुमच्या अब्बांचं... मला बाहेर कळलंय ते." मग थांबून, "नाणं तुमच्याकडेच राहू दे रविवारपर्यंत. माझ्याकडे असलं की लोकांना ते अजून झिजल्यासारखं वाटतं."

छत्री आठवणीने घेतली. या वेळी रुमाल विसरला.

रकाना मी कोरा ठेवला.

(हा भाग चिठ्ठीत नाही.)

शनिवारी भाभी माहेराहून आली. सलिमाभाभी, आणि तिचा अडीच महिन्यांचा मुआज, ज्याच्या येण्याने आमच्या दोन खोल्या एका खोलीएवढ्या झाल्या. मी अब्बांना विचारत होते की उद्याच्या चिठ्ठीत काय लिहू.

"तुला काय वाटतं?" अब्बा म्हणाले.

"मला वाटतं तो खोटारडा नाही. म्हणून तर भीती वाटते. तुम्हाला त्या माणसाबद्दल असंच वाटलं होतं ना?"

"नाही. त्याच्याबद्दल मला वाटलं की तो मला फार मान देतो." अब्बांनी चष्मा पुसला. "मी नाणी बघितलीच नाहीत, कैनात. तू तर याला सोडून सगळं बघतेस."

"सोडून कुठे..." मी पुटपुटले, आणि तेवढ्यात तो वास आला.

उग्र. खाली गोडसर.

मी स्वयंपाकघरात धावले. भाभी ओट्याजवळ बसून मुआजची गुटी उगाळत होती. दगडी सहाण, थोडं आईचं दूध, हळकुंड, हिरडा, बदाम, एक वेढा याचा, दोन वेढे त्याचे.

"हे काय? हे, हे आत्ताचं?"

"वेखंड. तुला काय झालं?"

"आणि आता काय उगाळतेस?"

"सोनं. बाळाला देतात थोडं." तिने बोटातली अंगठी काढून सहाणेवर गोल गोल फिरवली. "माझ्या अम्मीची आहे. बघ, खालून किती सपाट झालीय. आम्ही सहा भावंडं."

मी अंगठी हिसकावलीच. भिंग आणलं. सपाट पत्रा. शेकडो ओरखडे, एकात एक मिसळलेले, आणि सगळे वळणारे. कानस सरळ जाते. हे सगळे वाटोळे होते, नाण्यावरच्यांसारखेच.

मुआज रडायला लागला. भाभी म्हणाली, "आधी अंगठी दे, मग वेडी हो."

झीज : (पुन्हा)

रविवारी नावड्याच्या शाळेच्या व्हरांड्यात तीसेक माणसं होती. पुरुष बाकांवर, बायका पायरीशी. तबरेज खांबाला टेकून उभा. मला बघून त्याने हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. अब्बा माझ्यामागे, पेपर घेऊन.

मी नाण्याचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "दुर्गाबाईंची सहाण कोणाकडे आहे?"

गंगाराम हा पन्नाशीचा, रुंद माणूस. तो तडकला. "सहान कशाला? आमी सोन्याचा इचारतोय. लहानपनी मी बगितलाय, त्याव राजाचा तोंड होता."

"सहाण कुठे आहे?"

"माज्या घरी हाय. दाराला लावलीय, वाऱ्यानं आपटतंय म्हून."

बायकांत खसखस पिकली. एकाने धावत जाऊन दगड आणला. मधोमध खोलगट, तळहातासारखा. मी पाण्याचे चार थेंब घातले आणि चिंधी सोडली. नाण्यांवर जीव असणाऱ्या माणसाने पुढचं करू नये. मी केलं. राजाची बाजू खाली, अंगठा त्या बाईवर, आणि तीन वेढे. फक्त तीन.

पाण्यात बारीक पिवळी रेघ उतरली. केसाएवढी.

पायरीवरून राजाबाई उठली, गावातली सगळ्यात म्हातारी.

"तोच हाय," ती म्हणाली. "दुर्गी उगालायची. तिच्या आदी तिची सासू. दर पोराला चालीस दिस. बालंतिनीच्या खोलीतला सोना कंचा, ते बापयांना सांगाचा नाय, नजर लागते. म्हून आमी गप. पन इतका झिजला आसंल, ते आमाला तरी काय म्हायती? थोडा थोडाच तर उगालला."

"म्हंजे..." गंगाराम म्हणाला.

"म्हंजे तुज्या जिभंवं पन गेलाय राजा. तू तर लय रडायचास, तुला दोन येढे जास्त."

व्हरांडा हसला. गंगारामने आपल्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग खाल्ला कोनी?" त्याने विचारलं, आवाज खाली आलेला.

"आख्ख्या गावानं," राजाबाई म्हणाली. "आता त्या पोराशी नीट बोल."

गंगाराम उठून खांबापाशी गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण तबरेजने मान खाली घातली आणि डोळ्यांना बाही लावली, आणि मी घाईघाईने चिठ्ठी लिहायला घेतली. कोणीतरी काहीतरी लिहायला हवंच होतं.

झीज : पुढची बाजू सहाणेवर उगाळून. जुनी. अनेक हातांची, सगळे सुईणींचे. मागची बाजू अंगठ्याखाली राहिल्याने बचावली.

सही केली. शेवटचा रकाना भरला. पूर्ण. माझं पहिलं.

मालक : नावडे गावची बाळं

नाणं कोणाकडे ठेवायचं यावर वाद व्हायच्या आधीच राजाबाईने ते माझ्या हातात कोंबलं. "तुला कलतंय त्यातला. तूच ठेव." मग तबरेजकडे बघून, अगदी निरागसपणे, "पन गावाचा सोना गावाबाहेर राहायचा नाय. तेवडा बग काय ते."

मी नाणं परत तिच्याच पदरात बांधलं. कान तापले होते.

खात्री :

तो आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. हातात परत छत्री. अब्बा चार पावलं पुढे जाऊन, भर उन्हात उभ्याने पेपर वाचू लागले.

"एक विचारू?" मी म्हणाले. "ऊन आहे. ही छत्री कशाला?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मंगळवारी मी पहिल्यांदा नव्हतो आलो. आधीच्या आठवड्यात आलो होतो. काचेतून बघितलं, तुम्ही एका माणसाला त्याचंच नाणं खोटं कसं ते सांगत होता. तो ओरडत होता, तुम्ही तोलत होता. मी तसाच परत गेलो. मग वाटलं, परत परत यायचं तर विसरायला काहीतरी पाहिजे."

"म्हणजे माझा पहिला संशय बरोबर होता."

"एकदम."

"आणि रुमाल?"

"तो खरंच विसरलो. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं."

"धुऊन ठेवलाय," मी म्हणाले. इस्त्री केल्याचं सांगितलं नाही.

दूरवर रिक्षा दिसली. अब्बांनी मात्र पान उलटलं.

"कैनात," तो म्हणाला. नुसतं नाव. "तुमच्या चिठ्ठीवर... माझ्यापुढे काय लिहाल? पितळ नका लिहू."

मी पर्समधून गुलाबी कोरा कागद काढला. वरती लिहिलं : तबरेज. वजन, व्यास सोडून दिले. झीज : थोडी, डाव्या भुवईत. मग शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तो वाकून बघत होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाची वाफ कागदावर...

लिहिलं. बरीच.

"पूर्ण का नाही?"

"अजून तपासणी चालू आहे," मी म्हणाले. "तू रोज यायला हवंस."

तो 'तू' त्याला ऐकू आला. छत्री त्याने माझ्या हातात दिली, विसरला नाही. दिली.

"रोज?" त्याने विचारलं.

मी छत्री उघडून पाहिली, आत काही लपवलंय का ते. काही नव्हतं. नुसती सावली होती, दोघांपुरती.